तारीख, भत्ता, निशाणी : पुण्यातल्या दिवाणी वकिलाची पहिली वर्षे

शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात नवी सनद (वकिलीचा परवाना) घेऊन आलेला दिवाणी वकील पहिल्या वर्षी न्यायाधीशांसमोर बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो : "सिनियर दुसऱ्या कोर्टात आहेत, थोडा वेळ मिळावा." घरच्यांना वाटते, मुलगी कोर्टात केस लढते. प्रत्यक्षात ती नाझर म्हणजे कोर्टाच्या हिशेबाच्या विभागात भत्ता (समन्स-नोटीस बजावण्याचा खर्च) भरते, नकलेचा (प्रमाणित प्रतीचा) अर्ज देते, रोजनामा (फाइलीतली प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद) उतरवून घेते आणि मुदतीचा अर्ज लिहिते. ही कामे हलकी वाटतात, पण दिवाणी दावा ज्या दिवशी खरा हातचा जातो तो दिवस निकालाच्या कितीतरी आधीचा असतो, आणि त्या दिवशी कोर्टात बहुधा ज्युनियरच उभा असतो. म्हणून ही कामे काय आहेत आणि ती चुकली की पुढे काय होते, ते नीट पाहू.

सनदेपर्यंत

इंग्लंडात पक्षकाराला भेटणारा, कागद जमवणारा सॉलिसिटर वेगळा आणि कोर्टात उभा राहणारा बॅरिस्टर वेगळा. बॅरिस्टर होणाऱ्याला वर्षभर एखाद्या अनुभवी बॅरिस्टरकडे उमेदवारी करावी लागते. आपल्याकडे १९६१ च्या वकील अधिनियमानुसार एकच सनद. तोच माणूस नोटीस लिहितो, दावा टाइप करवून घेतो, साक्षीदार तयार करतो आणि उलटतपासही घेतो. सक्तीच्या वर्षभराच्या उमेदवारीचा नियम बार कौन्सिल ऑफ इंडियाने १९९५ मध्ये केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो १९९९ मध्ये रद्द केला. त्यामुळे कालपर्यंत वर्गात बसलेली व्यक्ती उद्या वकीलपत्र (पक्षकाराने वकील नेमल्याचा कागद) दाखल करू शकते. हे स्वातंत्र्य आहे तसे जोखमीचेही आहे.

एलएलबीनंतर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी होते. कायद्यात लिहिलेले नोंदणी शुल्क खुल्या प्रवर्गासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये. राज्यांच्या कौन्सिली यावर निरनिराळ्या नावांनी हजारो रुपये घेत असत. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवले. नोंदणीनंतर दोन वर्षांच्या आत अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. परीक्षेत टिपणे नसलेली मूळ कायद्यांची पुस्तके नेता येतात, म्हणून पाठांतरापेक्षा कलम पटकन सापडणे महत्त्वाचे. पुढच्या कामालाही तीच सवय लागते.

कोणते दार ठोठवायचे

पक्षकार आला की पहिला प्रश्न 'केस जिंकू का' हा नसतो, 'केस कुठे चालेल' हा असतो. भाऊबंदकीचा वाटपाचा दावा दिवाणी न्यायालयात जातो. किमतीनुसार तो कनिष्ठ स्तर किंवा वरिष्ठ स्तर न्यायाधीशांपुढे येतो. जमीन जुन्नर, खेड, बारामती किंवा वडगाव मावळच्या हद्दीत असेल तर पक्षकार कोथरूडला राहतो म्हणून शिवाजीनगरला दावा लावता येत नाही. स्थावर मिळकतीचा दावा मिळकत असेल तिथेच लागतो. पेठेतल्या वाड्याचा मालक आणि भाडेकरू यांचे भांडण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ खाली येते आणि ते लघुवाद न्यायालयात चालते. गृहनिर्माण संस्थेच्या कारभाराचा वाद सहकार न्यायालयात, बिल्डरने ताबा दिला नाही तर महारेरा किंवा ग्राहक आयोग, सार्वजनिक ट्रस्टचा वाद धर्मादाय आयुक्तांकडे, सातबाराच्या फेरफाराचा (नावबदलाच्या नोंदीचा) वाद महसूल अधिकाऱ्यांकडे.

व्यापारी व्यवहाराचा आणि ३ लाख रुपये किंवा त्याहून जास्त किमतीचा वाद असेल तर वाणिज्य न्यायालये अधिनियम, २०१५ लागू होतो. तातडीचा आदेश मागायचा नसेल तर अशा दाव्याआधी मध्यस्थीची पायरी सक्तीची आहे, आणि ती गाळली तर दावा फेटाळला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. एखाद्या वर्कशॉपचे थकलेले बिल वसूल करायला थेट दावा लावणारे अजून भेटतात. चुकीच्या कोर्टातला दावा परत मिळतो आणि योग्य कोर्टात पुन्हा लावता येतो, पण तोवर वर्ष-दोन वर्षे गेलेली असतात आणि पक्षकाराचा विश्वासही.

दावा म्हणजे नेमका कोणता कागद

एक उदाहरण धरून पुढे जाऊ. वाघोलीतली दीड एकर वडिलोपार्जित जमीन. आई आधीच गेलेली, वडील २०१२ मध्ये वारले. मागे दोन भाऊ, एक बहीण. वारसनोंदीच्या वेळी बहिणीचे नाव लागलेच नाही. भावांनी जमिनीचा काही भाग एका विकसकाला विकला. बहीण वकिलाकडे येते आणि म्हणते, "माझा हिस्सा हवा."

कायदा तिच्या बाजूने आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियमातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मानेच सहदायाद (वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखीच हिस्सेदार) झाली, आणि त्यासाठी दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने पक्के केले. इथे तर वडील दुरुस्तीनंतर वारले. तेव्हा तिचा हिस्सा एक तृतीयांश. ज्युनियरला वाटते, काम झाले. खरे तर ते इथून पुढे सुरू होते.

आधी कागद. चालू सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या नावावरील जमिनींचा उतारा) पुरत नाही. जमीन वडिलांकडे कशी आली ते दाखवायला जुने सातबारे, त्याआधीची पीकपाणी पत्रके आणि प्रत्येक फेरफार लागतो. बरेच जुने अभिलेख स्कॅन झालेले आहेत आणि 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर शोधता येतात. जे तिथे नाहीत त्यासाठी तहसील कचेरीत नकलेचा अर्ज. भावांनी केलेल्या विक्रीसाठी इंडेक्स २ (नोंदणीकृत दस्ताचा गोषवारा) आणि खरेदीखताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधकाकडून. जुना कागद मोडीत असला तर मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घ्यायचे. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : फेरफार हा महसूल वसुलीसाठी असतो. त्याने मालकी येत नाही आणि जातही नाही. बहिणीचे नाव सातबाऱ्यावर नाही एवढ्यावरून तिचा हक्क बुडत नाही. उलट, नाव आहे एवढ्यावर विसंबून कोणी दावा लावला तर तोही पडू शकतो.

मग पक्षकार. वाटपाच्या दाव्यात सगळे सहहिस्सेदार हवेत. एखादा भाऊ वारला असेल तर त्याची बायको-मुले हवीत, आणि ज्याने जमीन घेतली तो विकसकही हवा. मिळकतीही सगळ्या हव्यात. वाघोलीची जमीन तेवढी लिहिली आणि गावठाणातले घर वगळले तर प्रतिवादी पहिल्याच कैफियतीत (लेखी उत्तरात) लिहितो की दावा अंशतः वाटपाचा आहे. प्रत्येक मिळकतीचा गट नंबर, क्षेत्र, आकार (शेतसारा) आणि चतुःसीमा लिहायच्या. चतुःसीमेत पूर्व-पश्चिम उलटसुलट झाली तर हुकूमनामा (निकालाचा अंमलात आणायचा आदेश) मिळूनही मोजणीच्या दिवशी काम अडते. ही चूक टाइप करताना होते आणि सात-आठ वर्षांनी सापडते.

त्यानंतर मागणी. खरेदीखतात बहीण पक्षकार नव्हती, म्हणून तिने 'खरेदीखत रद्द करा' असे न म्हणता 'ते माझ्या हिश्श्यापुरते माझ्यावर बंधनकारक नाही असे जाहीर करा' असे म्हणायचे. हा फरक शब्दांचा खेळ वाटेल, पण कोर्ट फी आणि मुदत या दोन्हींवर त्याचा परिणाम होतो. असा जाहीरनामा (हक्क जाहीर करणारा निकाल) मागितला आणि त्यासोबत ताबा किंवा वाटप मागायचे राहिले, तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ३४ च्या परंतुकानुसार दावा तेवढ्यानेच पडू शकतो. नव्या वकिलाच्या दाव्यात सर्वांत महागात पडणारी चूक हीच. मालकीवर वाद आहे हे दिसत असताना नुसत्या मनाईचा (समोरच्याला काही करण्यापासून रोखण्याचा) दावा लावणे ही तिचीच जुळी बहीण.

मुदतीचा परिच्छेद सैल ठेवू नये. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळले गेल्याचे कळल्यापासून १२ वर्षे, आणि जाहीरनाम्यासाठी हक्क उद्भवल्यापासून ३ वर्षे. म्हणजे बहिणीला विक्री केव्हा आणि कशी कळली, हे तारखेसह लिहायला हवे. 'नुकतेच समजले' असे लिहिले की प्रतिवादीचा वकील दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ७ नियम ११ खाली दावा फेटाळण्याचा अर्ज तयार करायला बसतो. तलाठ्याकडून सातबारा केव्हा काढला त्याची तारीख त्या कागदावरच असते. ती आणि परिच्छेदातली तारीख जुळली पाहिजे.

शेवटी मूल्यांकन. शेतजमिनीची किंमत कोर्ट फीसाठी बाजारभावाने न धरता आकारणीच्या पटीत धरतात, तर घराची किंवा प्लॉटची बाजारभावाने. जमीन बिनशेती झालेली असेल तर गणित बदलते, आणि वाघोलीसारख्या ठिकाणी ती बहुधा झालेली असते. महाराष्ट्रात कोर्ट फीची कमाल मर्यादा २०१८ मध्ये ३ लाखांवरून १० लाख झाली. दावा दाखल होताना कार्यालय मूल्यांकन, पाने, सह्या, सत्यापन, सत्यप्रतिज्ञापत्र आणि कागदयादी तपासते आणि हरकत काढते. हरकत काढणाऱ्या कारकुनाशी हुज्जत घालू नये. तो बहुधा बरोबर असतो, आणि नसला तरी न्यायाधीशांपुढे अर्ज देण्याची वाट मोकळी असते.

निशाणी ५

कोर्टातल्या प्रत्येक दाव्याच्या फाइलीत कागदांना निशाणी क्रमांक पडतात. दाव्याला निशाणी १, आणि महाराष्ट्रातल्या रूढीने तात्पुरत्या मनाईच्या अर्जाला निशाणी ५. म्हणून वकील एकमेकांना 'मनाईचे काय झाले' असे न विचारता 'पाचचं काय झालं' असे विचारतात.

या अर्जात तीन गोष्टी दाखवायच्या असतात : प्रथमदर्शनी प्रकरण, तुलनात्मक गैरसोय (मनाई दिल्याने किंवा न दिल्याने कोणाचे जास्त बिघडेल) आणि भरून न येणारे नुकसान. बहुतेक ज्युनियर ही तीन नावे लिहितात आणि खाली दाव्यातलाच मजकूर चिकटवतात. न्यायाधीशांना वेगळेच हवे असते : विकसकाने आज जागेवर काय चालवले आहे? फोटो कोणत्या तारखेचे? बांधकाम परवानगी मागितली आहे का? विक्रीची जाहिरात कुठे आली? नुकसान पैशांनी का भरून येणार नाही, याचे उत्तर 'जमीन वडिलोपार्जित आहे' एवढेच असेल तर ते अपुरे पडते. तिसऱ्या माणसाचे हक्क निर्माण झाल्यावर वाटप कसे अडकेल ते सांगावे लागते.

समोरच्याला न ऐकता एकतर्फी मनाई मिळाली की आनंदात एक काम विसरले जाते. ऑर्डर ३९ नियम ३ नुसार अर्ज, प्रतिज्ञापत्र, दावा आणि कागदांच्या प्रती लगेच प्रतिवादीला पाठवायच्या आणि तशा पाठवल्याचे प्रतिज्ञापत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखल करायचे. ते केले नाही तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला एवढ्याच मुद्द्यावर मनाई उठवून घेतो.

मनाई मिळो न मिळो, मिळकतीवर दावा चालू आहे याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्यावी. महाराष्ट्रात मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५२ ला असलेल्या दुरुस्तीमुळे ही नोंदणी महत्त्वाची ठरते, आणि ती इंडेक्सला दिसते. पुण्यात फ्लॅट किंवा जमीन घेणारा जवळजवळ प्रत्येक जण तीस वर्षांचा सर्च (नोंदणी कार्यालयातल्या जुन्या नोंदींचा शोध) घेतो. त्यात ही नोंद दिसली की निम्मे गिऱ्हाईक तिथेच मागे फिरते. वादीला कधी कधी मनाईपेक्षा याचाच जास्त उपयोग होतो.

भत्ता भरला का?

समन्स आपोआप निघत नाही. वादीने भत्ता भरायचा, प्रती द्यायच्या, मग बेलीफ जातो. बेलीफाचा अहवाल 'घर बंद', 'सदर पत्त्यावर राहत नाही', 'घेण्यास नकार' अशा ठरावीक शब्दांत येतो आणि प्रत्येकाचा पुढचा रस्ता वेगळा. नकार असेल तर दाराला चिकटवून बजावणी होते. माणूस सापडतच नसेल तर आधी नवा पत्ता शोधायचा, मग पर्यायी बजावणीचा अर्ज, आणि तो मंजूर झाला तर वृत्तपत्रात जाहीर समन्स. भत्ता भरला नाही म्हणून समन्स निघाले नाही तर दावा काढून टाकता येतो. समन्स बजावणी न होता परत आले आणि ७ दिवसांत नव्या समन्ससाठी अर्ज केला नाही, तरीही. असा निकाली निघालेला दावा पुन्हा नंबरावर घेण्याच्या अर्जाला ३० दिवसांची मुदत आहे. नंतर गेलात तर विलंबमाफीचा वेगळा अर्ज, त्याची वेगळी नोटीस, तिचा वेगळा भत्ता.

ऑफिसची डायरी सांभाळणारा ज्युनियर इथे उपयोगी पडतो. ई-कोर्ट्सच्या ॲपवर प्रत्येक प्रकरणाला १६ अंकाक्षरांचा सीएनआर (प्रकरणाचा ओळख क्रमांक) असतो. पुण्याचे 'एमएचपीयू' या चार अक्षरांनी सुरू होतात. आदल्या रात्री ॲपवर उद्याचा बोर्ड (सुनावणीच्या प्रकरणांची यादी) पाहता येतो. पण ॲपवर दिसणारा टप्पा आणि फाइलीतला रोजनामा यांत फरक पडू शकतो, म्हणून आठवड्यातून एकदा तरी महत्त्वाच्या दाव्यांचा रोजनामा डोळ्यांखालून घालावा. 'स्टेप्स घेतल्या नाहीत' (बजावणीसाठी करायचे ते केले नाही) हे तीन शब्द रोजनाम्यात दिसले की त्या दिवशी दुसरे काही करू नये.

आता बाजू बदलू. विकसकाचा किंवा भावांचा ज्युनियर असाल तर कैफियतीची मुदत समन्स बजावल्यापासून ३० दिवस, कारण नोंदवून ९० दिवसांपर्यंत. साध्या दाव्यात ही मर्यादा अगदी लोखंडी नाही. दंड भरून 'नो डब्ल्यूएस'चा (कैफियतीशिवाय दावा पुढे चालवण्याचा) आदेश रद्द करून घेता येतो. वाणिज्य दाव्यात मात्र १२० दिवसांनंतर हक्क संपतो तो संपतोच. कैफियतीत 'परिच्छेद ४ मधील मजकूर खोटा असून कबूल नाही' असे एकाच शिक्क्याने सगळे नाकारले तर अंगाशी येते, कारण नेमकेपणाने न नाकारलेली गोष्ट कबूल धरली जाऊ शकते. नाकारायचे तर का, आणि आपले खरे काय, हेही त्याच ठिकाणी लिहावे.

साक्षीपुराव्याचे दिवस

वादमुद्दे (दाव्यात ठरवायचे प्रश्न) निघाले की दाव्याचा वेग मंदावतो आणि वकिलाचा कस लागतो. सरतपास (आपल्याच साक्षीदाराची साक्ष) आता प्रतिज्ञापत्रावर होतो, त्यामुळे तो लिहिण्याचे काम ज्युनियरकडे येते. दावा जसाच्या तसा उतरवून खाली बहिणीची सही घेणे हा सोपा आणि वाईट मार्ग आहे. प्रत्येक वादमुद्दा घ्यावा, तो सिद्ध करण्याचा भार कोणावर आहे ते पाहावे, आणि त्या मुद्द्याला लागणारी वाक्ये व कागद तेवढेच यावेत. दाव्यात नसलेली नवी हकिगत प्रतिज्ञापत्रात घातली तर हरकत येते; ती हवीच असेल तर आधी दावा दुरुस्त करून घ्यायला हवा होता, आणि साक्षीपुरावा सुरू झाल्यावर दुरुस्ती मिळवणे अवघड असते. 'योग्य ती काळजी घेऊनही आधी मांडता आले नसते' हे पटवून द्यावे लागते.

भावांचा बचाव बहुधा असा असतो : "बहिणीने लग्नात सोने घेतले आणि हक्क सोडला." पुढे येतो शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवरचा हक्कसोड, खाली तिची सही, नोंदणी नाही. इथे ज्युनियरने सावध बसायचे. स्थावर मिळकतीतला हक्क सोडणारा दस्त नोंदणीकृत हवा. म्हणून हा कागद निशाणी म्हणून वाचला जात असतानाच हरकत घ्यायची आणि ती साक्षीच्या नोंदीत आली आहे का ते पाहायचे. मुद्रांक कमी असेल तर तीही हरकत त्याच वेळी, कारण कागद एकदा पुराव्यात दाखल झाला की मुद्रांकाचा प्रश्न त्या दाव्यात पुन्हा काढता येत नाही. समोरचा हुशार वकील म्हणेल, हा हक्कसोड नाहीच, आधी तोंडी झालेल्या कौटुंबिक वाटणीची ही केवळ आठवणनोंद आहे, तिला नोंदणी लागत नाही. मग कागदातली क्रियापदे वाचायची. 'हक्क सोडत आहे' असे लिहिले असेल तर कागद स्वतःच हक्क संपवतो. 'पूर्वी वाटणी झाली असून' असे असेल तर त्याचे म्हणणे विचारात घ्यावे लागते.

व्हॉट्सॲपवरचे मेसेज, फोनमधले रेकॉर्डिंग दाखल करायचे तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. त्याचे दोन भाग असतात, दुसरा तज्ज्ञाने भरायचा, आणि त्यात हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे पडताळण्याचा संकेतांक) लिहावे लागते. जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५-ब च्या प्रमाणपत्राचा नमुना संगणकात साठवलेला आहे म्हणून तोच छापणारी ऑफिसे अजून आहेत.

उलटतपासाबद्दल नव्या वकिलाच्या डोक्यात बरेच नाट्य असते. जिल्हा न्यायालयात साक्ष मराठीत नोंदवली जाते आणि तिची भाषा ठरलेली असते : 'हे म्हणणे खरे आहे की...', 'हे म्हणणे खरे नाही की...'. म्हणजे प्रश्न असा विचारायचा की 'हो' किंवा 'नाही' एवढ्या उत्तराने एक पूर्ण, उपयोगी वाक्य नोंदले जाईल. भावाला 'तुम्ही बहिणीला फसवले ना?' असे विचारून काही मिळत नाही. त्याऐवजी : वारसनोंदीचा अर्ज तुम्हीच दिला हे खरे आहे का? त्या अर्जात वारस म्हणून बहिणीचे नाव लिहिले नव्हते हे खरे आहे का? हक्कसोड तेव्हा अस्तित्वात होता तर तो तलाठ्यापुढे दिला नाही, हे खरे आहे का? तीन होकार आणि खाली बसायचे. चौथा प्रश्न 'का?' असा विचारला की साक्षीदाराला स्पष्टीकरण देण्याची संधी मिळते, आणि ते स्पष्टीकरण त्याला वकिलाने महिनाभर पढवलेले असते. दुसरीकडे, आपल्या बाजूची जी हकिगत आहे ती साक्षीदाराला सुचवायचीच राहिली तर त्या मुद्द्यावर त्याचे म्हणणे मान्य केले असे धरले जाण्याचा धोका असतो. थोडे प्रश्न, पण हे सुटायला नको. पुरावा संपला की पुरसिस (तसे सांगणारे लेखी निवेदन) द्यायची. नाही तर पुढच्या तारखेलाही फाइल पुराव्यालाच राहते.

तारखांबद्दल लोक चिडतात ते योग्यच आहे. कायद्यात एका पक्षाला सुनावणीदरम्यान तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत असे लिहिले आहे. प्रत्यक्षात न्यायाधीश बदलतात, बोर्ड मोठा असतो, आणि मुदतीचा अर्ज हा सर्वांत जास्त सराव झालेला मसुदा असतो. ज्युनियरने निदान एवढे करावे : साक्षीदार हजर असेल त्या दिवशी आपल्या बाजूने मुदत मागू नये.

निकालानंतर

वाटपाच्या दाव्यात आधी प्राथमिक हुकूमनामा होतो : कोणाचा हिस्सा किती. प्रत्यक्ष जमीन अजून कोणाच्याही हातात नसते. शेतजमिनीचे वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ नुसार जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, मोजणी भूमी अभिलेख कार्यालय करते. घराचे वाटप कोर्ट कमिशनरमार्फत. 'निकाल लागला' म्हणून पेढे घेऊन आलेल्या बहिणीला हे त्याच दिवशी समजावून सांगणे ज्युनियरवर येते, आणि ते टाळले तर सहा महिन्यांनी तिचे ऐकून घ्यावे लागते.

हरलात तर घड्याळ लगेच सुरू होते. जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस, उच्च न्यायालयात ९०. नकलेचा अर्ज निकालाच्याच दिवशी द्यावा. नक्कल तयार व्हायला लागलेला काळ मुदतीतून वगळला जातो, पण तो अर्जाच्या तारखेपासून नक्कल तयार झाल्याच्या तारखेपर्यंतच. तयार नक्कल पंधरा दिवस कोर्टातच पडून राहिली तर ते पंधरा दिवस आपल्या खाती. नकलेच्या मागे या तारखा शिक्क्याने दिलेल्या असतात. अपील मोजताना तिथेच बोट ठेवून मोजावे. कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, पण पुणे जिल्हा त्यात नाही. आपली अपिले अजून मुंबईलाच.

जिंकलात आणि समोरचा ऐकत नाही, तर दरखास्त (हुकूमनाम्याची अंमलबजावणी करून घेण्याचा अर्ज). हिची फाइल, हिचा भत्ता, हिच्या तारखा पुन्हा वेगळ्या.

पैसे, सिनियर आणि स्वतःची फाइल

बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरला शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. ती शिफारसच आहे, सक्ती नाही, आणि दिवाणी कामाची छोटी ऑफिसे त्याच्या बरीच खाली असतात. म्हणून सिनियर निवडताना पगाराइतकाच दुसरा प्रश्न विचारावा : यांच्याकडे साक्षीपुराव्याच्या टप्प्यावर किती दावे आहेत? नुसत्या नोटिसा आणि तडजोडींचे ऑफिस जास्त पैसे देईल, पण तीन वर्षांनी उलटतपास घेता येणार नाही. वकीलपत्रावर आपलेही नाव घालायला तयार असलेला सिनियर मिळाला तर हजार-दोन हजार कमी आले तरी चालतील.

मधल्या काळात घरभाडे निघते ते इतर कामांतून : भाडेकरार म्हणजे लिव्ह अँड लायसन्सची ऑनलाइन नोंदणी, सर्च रिपोर्ट, साठेखताचे मसुदे, सोसायट्यांच्या मानीव अभिहस्तांतरणाचे (बिल्डरने करून न दिलेली मालकी सोसायटीच्या नावे करून घेण्याचे) अर्ज, कॅव्हेट (आपल्याला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये अशी कोर्टाला आगाऊ सूचना). कॅव्हेट ९० दिवसच टिकते, हे पक्षकाराला लेखी कळवावे. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर जायला तीन वर्षांचा अनुभव लागतो. फी थोडी, पण तिथली केस पूर्णपणे आपली असते. नियमांनी घातलेली बंधनेही आहेत : जाहिरात करता येत नाही, निकालाच्या रकमेत टक्का ठरवता येत नाही, आणि फी थकली म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. मूळ खरेदीखत घेताना पोच द्यावी, परत देताना सही घ्यावी. भाऊबंदकीच्या दाव्यात पाच वर्षांनी कोण कोणाच्या बाजूला असेल याचा भरवसा नसतो.

ज्यांना न्यायाधीश व्हायचे आहे त्यांच्यासाठी या पहिल्या वर्षांचा हिशेब आता वेगळ्या अर्थाने ठेवावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक केली. ती तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजली जाते, आणि त्यासाठी न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचे, किंवा दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाचे आणि त्या अधिकाऱ्याने पृष्ठांकित केलेले प्रमाणपत्र लागते. तेव्हा पहिल्या महिन्यापासून आपले नाव असलेली वकीलपत्रे आणि हजेरी दिसणारे रोजनामे यांच्या प्रती वर्षवार लावून ठेवाव्यात.